सोन्याच्या छपराची बोट

लाट एवढी उंच होती की तिच्या टोकावर चढल्यावर मला आमची गच्ची दिसली, आणि गच्चीतल्या दोरीवर वाळत घालून विसरलेला निळा टॉवेल. आमचे हे म्हणतात, टॉवेल निळा नव्हताच, हिरवा होता. म्हणजे लाटेबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही.

मी अशीच सांगते. सासूबाई म्हणायच्या, हिला भाजी आणायला पाठवलं की ही पिशवीतून एक वाघही घेऊन येते. आता नातवंडं माझं बोलणं अर्धं करून घेतात, आणि उरलेलं खरं का म्हणून आपल्या आईला विचारून येतात. तुम्हीही तसंच करा, पण लाटेपुरतं. बाकीचं जसंच्या तसं घ्या. त्यात फुगवायला मला जागाच मिळालेली नाही.

बंदराला लागून आमची शेड आहे. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली फरशी, आत यायला एकच दार. हे आणि यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, दोघं तिथं मोटरबोटींची इंजिनं दुरुस्त करतात. सासऱ्यांनी सुरू केलेलं काम. सासरे गेले, त्यांच्या सवयी राहिल्या. पाने मोठ्यापासून लहानापर्यंत टांगायचे. नटबोल्ट डब्यात, डबा फळीवर. चांगलं, गाळलेलं डिझेल ज्या कॅनमध्ये असेल त्याच्या मानेला चिंधी बांधायची, म्हणजे घाईत कुणाची चूक व्हायला नको. सासरे चिंधीची गाठ अशी मारायचे की ती सोडवायला दात लागायचे.

भाऊजींची बायको लवकर गेली. मुलगी तेव्हा कडेवर होती, ती माझ्या कडेवर आली. तिला सगळे ठिणगी म्हणायचे, कारण शेडमध्ये वेल्डिंग चालू झालं की बाकीची पोरं पळायची आणि ही ठिणग्या धरायला पुढं जायची. मला मोठी आई म्हणायची. माझ्या थापांवर तिचा विश्वास कधीच नव्हता, पण ती त्यात शिरून बसायची. मी वाघाचं सांगितलं की विचारायची, "मग वाघानं पिशवी कुठल्या हातात धरली होती?" असं विचारणारं माणूस आयुष्यात एखादंच मिळतं. बाकीचे नुसते हसतात.

ती मोठी झाली आणि तिला बेटावर कामाला जायचं होतं. समुद्रात पार पलीकडं एक बेट आहे, वर्षभर उकाडा, नारळाची झाडं, पांढरी वाळू, एक मोठं हॉटेल. त्या हॉटेलच्या धुलाई खात्यात जागा निघाली होती. भाऊजी नाही म्हणाले. बेट लांब, मध्ये एवढा समुद्र, मुलगी एकटी. ठिणगीनं रडून पाहिलं, न जेवून पाहिलं, माझ्याकडून एक फार सुंदर थाप मारवून पाहिली. भाऊजी नाहीच म्हणाले.

मग एका सकाळी यांनी तिची पिशवी उचलली, तिला फेरीबोटीत बसवून दिलं, आणि बोट दिसेनाशी झाल्यावर भावाला सांगितलं.

भाऊजींनी खिशातून खडू काढला, खाली वाकले, आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत शेडच्या मधोमध एक रेघ ओढली. डावीकडं हे, उजवीकडं ते. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

चहा घेऊन गेले की मी रेघेवर उभी. भाऊजी म्हणायचे, वहिनी, त्यांना सांगा, पंपाचा वॉशर झिजलाय. हे म्हणायचे, अगं, त्याला सांग, मला डोळे आहेत. दोघांत अंतर एवढंच की एकाला शिंक आली तर दुसऱ्याच्या चहात पडावी. मी आपली इकडून तिकडं. कधीकधी निरोपात माझी भर घालायची. "भाऊजी, हे म्हणतायत, वॉशर ओळखावा तर तुम्हीच." भाऊजी नाकातून हवा सोडायचे. त्यांना माहीत होतं यातलं यांचं किती आणि माझं किती. मी नसले की काम अडायचं, नाहीतर दोघं आपापल्या अंदाजानं करून मोकळे व्हायचे. पण अंदाज बरोबर यायचे. एकाच बापाकडं शिकलेले ना.

लेकीशीही भाऊजी बोलेनात. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन यायचा. मी शेडमध्ये जाऊन फोन त्यांच्या कानापुढं धरायची आणि ते ग्राइंडर सुरू करायचे. बिचारी तिकडून विचारायची, "मोठी आई, बाबा काय म्हणाले?" मी सांगायची, म्हणाले, जेवतेस ना वेळेवर. ती म्हणायची, "आणि काय?" मग मी आणखी काहीतरी घालायची. वर्षभर त्या मुलीनं बापाचे जे शब्द ऐकले ते सगळे माझे होते. आणि तिला ते माहीत होतं, तरी "आणि काय" विचारायची.

पुढचा फोन तिचा आला नाही. तिच्या धुलाई खात्यातल्या मुख्य बाईंचा आला. ठिणगी त्यांना मावशी म्हणायची. मावशी म्हणाल्या, पोरीला ताप आहे, तिकडचा ताप, आधी साधाच वाटला, आता डोक्यात गेलाय. बेटावर एक नर्स आणि एक खाट, बस. फेरीबोटीचा पाण्यातला पंखा मोडलाय, ती बंद आहे. मोठ्या बोटीसाठी कळवलंय, तर बघू म्हणतायत. नर्स म्हणते, घरच्यांना यायचं असेल तर त्यांनी आता यावं.

मी फोन तसाच घेऊन शेडमध्ये गेले. त्या दिवशी भाऊजींनी ग्राइंडर सुरू केला नाही. फोन हातात घेतला, कानाला लावला. तिकडं मावशींनी तो ठिणगीच्या कानाशी धरला. पलीकडून श्वास ऐकू येत होता, मला बाजूला उभं राहूनसुद्धा. मग ती म्हणाली, "बाबा?"

भाऊजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. फोन त्यांनी माझ्याकडं परत दिला.

"फोनवर नको," म्हणाले. "समोर जाऊन बोलतो."

आता मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, ठिणगे, आम्ही निघालोच. सोन्याचं छप्पर असलेल्या बोटीतून येतोय, खिडकीतून बघत राहा.

पलीकडून मग बारीक आवाजात, "खरं सोन्याचं?"

"नाहीतर काय, पत्र्याचं?"

ती हसली. हसणं म्हणजे श्वासच होता, पण मी ओळखला.

बोट कुठून आणायची हा प्रश्न नव्हता. शेडच्या धक्क्याला दातांच्या डॉक्टरांची मोटरबोट उभी होती. पांढरीशुभ्र, वर पिवळ्या ताडपत्रीचं छत. डॉक्टरांना समुद्राची भीती वाटायची, आपल्याला त्यांच्या खुर्चीची वाटते तशी. रविवारी येऊन धक्क्यालाच बोटीत बसायचे, फोटो काढायचे, जायचे. तिनं समुद्र कमी आणि आमची शेड जास्त पाहिली होती. पण माणूस चांगला. मी विचारल्याबरोबर किल्ली काढून दिली. म्हणाले, छताला तेवढा ओरखडा येऊ देऊ नका, परदेशी कापड आहे.

मग घाई. भाऊजी इंजिनाला भिडले. मी घरी पळाले, पाण्याचे डबे, बिस्किटं, केळी, औषधं, आणि ठिणगीचं लहानपणीचं पांघरूण, ज्याचा कोपरा ती चोखायची. डिझेल भरायचं काम यांच्याकडं. यांच्या बाजूला होते तेवढे चिंधीचे कॅन यांनी बोटीत चढवले. ते पुरेनात. मग यांनी रेघेपलीकडं पाहिलं. भाऊजींच्या बाजूला भिंतीशी चिंधी बांधलेले कॅन ओळीनं उभे होते. हे रेघ ओलांडून गेले, ते कॅन उचलले, बोटीच्या मागच्या बाकाखाली रचले आणि वरून गोणपाट टाकलं. विचारायचं कुणाला? मी घरी होते.

उजाडता उजाडता निघालो.

बसण्याची व्यवस्था आपोआप झाली. पुढं चाकाशी भाऊजी, मागं कॅनपाशी हे, मधल्या बाकावर मी. रेघ शेडमध्ये राहिली होती, तर मीच रेघ झाले. भाऊजी म्हणाले, वहिनी, त्यांना सांगा, वजन डावीकडं झालंय. हे म्हणाले, त्याला सांग, वजन नाही मी, माणूस आहे. आणि सरकले.

किनारा आधी हिरवा होता, मग निळा, मग धुरकट, मग नाहीच. मी जन्मभर समुद्राशेजारी राहिले, पण सगळ्या बाजूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. कुठंही बघा, सारखंच. भाऊजी होकायंत्राकडं बघून चाक धरतात म्हणून आपण कुठंतरी चाललोय म्हणायचं, नाहीतर चाललोय की एका जागी घरघरतोय, काही कळत नाही. मी बोलत राहिले. एक देवमासा बाजूला आला आणि त्यानं मला पत्ता विचारला. मी म्हटलं, बाबा, आम्हीच नवीन आहोत. उडणाऱ्या माशांचा एक थवा छतावर उतरला आणि दम खाऊन पुढं गेला, भाडं न देता. हे हसले. भाऊजी हसले नाहीत, पण म्हणाले, "वहिनी, बोलत राहा."

मग लाटा आल्या. त्यांच्याबद्दल मी सुरुवातीलाच सांगून टाकलंय. खरं एवढंच की पहिल्याच मोठ्या लाटेनं मला पायापासून डोक्यापर्यंत भिजवलं आणि कंबरेला खोचलेला फोन जो गेला तो गेला. दोघा भावांचे फोन शेडमध्ये चार्जिंगला, एक रेघेच्या या बाजूला, एक त्या. मी बाकाचा दांडा धरून पोटातलं सगळं समुद्राला दिलं. हे मागून माझी पाठ चोळत होते आणि मधूनच कॅनची चिंधी सोडून, नरसाळ्यावर फडकं धरून टाकीत डिझेल ओतत होते. सासऱ्यांची शिकवण. बोट बुडत असली तरी डिझेल गाळून घालायचं.

दुपार टळल्यावर लाटा निवल्या. समुद्र असा झाला की इस्त्री फिरवलीय कुणीतरी. ऊन पाण्यावरून उडून डोळ्यात जात होतं. आणि मग भाऊजी चाकावरून अर्धे उठले.

बेट दिसलं. आधी कुणीतरी बोटानं पुसल्यासारखा डाग. मग डागाला वरून केस फुटले, ती नारळाची झाडं. मग टेकडीवर पांढरं काहीतरी. मी म्हटलं, ते हॉटेल. हे म्हणाले, त्याच्या खालची छोटी इमारत दवाखान्याची असणार, ठिणगी सांगायची ना, दवाखान्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो.

भाऊजींनी खिशातून कंगवा काढला. एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं केस विंचरले. मग त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज येत नव्हता. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. थांबायचे, मान हलवायचे, परत पहिल्यापासून. मी कान दिला, पण इंजिनाच्या आवाजात काही कळलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, आता पोचल्यावर कळेलच.

हे म्हणाले, अगं, त्याला सांग, टाकी तळाला आलीय, उरलेले कॅन एकदम ओततो, मग थेट धक्क्यापर्यंत बघायला नको. मी सांगितलं. भाऊजींनी मान हलवली. यांनी गोणपाट काढलं आणि उरलेले सगळे कॅन, एकामागून एक, गाळून टाकीत ओतले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग इंजिन खोकलं.

म्हातारं माणूस झोपेत खोकतं ना, तसं एकदा. मग सावरलं. मग परत खोकलं, आणि त्याचा सूर खाली खाली जात बंद पडला. इतक्या वेळानंतर पहिल्यांदा मला पाण्याचा आवाज ऐकू आला.

भाऊजी उडी मारून मागं आले. झाकण उघडलं, फिल्टरच्या खालचा नट सैल केला. डिझेल यायला हवं तिथून पाणी आलं. स्वच्छ, पारदर्शक पाणी. त्यांनी बोट लावून वास घेतला. मग त्यांची नजर खाली गेली. रिकामे कॅन आडवे पडले होते आणि चिंध्या त्यांच्याजवळ. त्यातली एक त्यांनी उचलली.

"दादा," ते म्हणाले, "हे कॅन कुठून उचललेस?"

वर्षभरात पहिल्यांदा दादा. मधे मी बसले होते आणि तो शब्द माझ्या डोक्यावरून गेला.

हे म्हणाले, "तुझ्या बाजूचे. चिंधीचे."

"माझ्या बाजूला चिंधी म्हणजे खराब."

"कधीपासून?"

"रेघ मारली तेव्हापासून."

आता कळलं. रेघ ओढली त्याच दिवशी भाऊजींनी रागानं आपल्या बाजूची पद्धत उलटी केली होती. थोरल्याचं काहीच नको, चिंधीची खूणसुद्धा त्याच्यासारखी नको. बुडालेल्या बोटींच्या टाक्यांमधून उपसलेलं डिझेल, निम्मं पाणी मिसळलेलं, जे फक्त सुटे भाग धुवायला वापरतात, ते चिंधीच्या कॅनमध्ये. चांगलं डिझेल बिनचिंधीच्या. ते शेडमध्येच राहिलं, तिथंच भिंतीशी. कॅन बोटीत हिंदकळलेले, ओतताना पाणी वेगळं दिसत नाही. फडक्यातून कचरा गाळला जातो, पाणी नाही. आणि मला विचाराल, तर मी चहाचं माणूस. कॅनकडं माझं लक्षच नसायचं. इतके निरोप मी इकडून तिकडं नेले, पण हा एक निरोप मला कुणी दिलाच नव्हता.

दोघं कामाला लागले, आणि तुम्हाला सांगते, तसं काम मी कधी पाहिलं नाही. एकानं हात पुढं केला की दुसऱ्यानं पाना ठेवलेला. नळी काढली, फुंकली, टाकीतून उपसलं, परत भरलं. हे म्हणाले, पाणी खाली बसू दे. भाऊजी म्हणाले, शेडमध्ये असतं तर रात्रभर कॅन ठेवला असता, दादा, इथं बसेल कसं, बोट हलतेय. आणि बोट हलतच होती. इंजिन दोनतीनदा धरल्यासारखं झालं आणि मेलं. शेवटी किल्ली फिरवली तर नुसतं टिक. बॅटरी संपली.

बेट तिथंच होतं. झाडं एकेक मोजता यावीत इतकं जवळ. मी म्हटलं, नांगर टाका निदान, वाहून तरी जायला नको. नांगर टाकला, सगळी दोरी गेली, तळ लागलाच नाही. आणि आमच्या लक्षात आलं की पांढरी इमारत जी आत्ता समोर होती ती जराशी उजवीकडं गेलीय. प्रवाह आम्हाला बेटाच्या कडेनं ओढून नेत होता.

बाकाच्या फळ्या काढून वल्हवून पाहिलं. दोघं धापा टाकत होते, म्हातारी माणसं. मग यांनी वर बघितलं आणि म्हणाले, छत. वारा बेटाकडं आहे, छत काढून शीड करू. भाऊजी म्हणाले, हो दादा, हो. दोघांनी पिवळं छत सोडवलं, खाली उतरवलं, दोन फळ्या उभ्या बांधून त्यावर ताणलं. मी एक कोपरा दातात धरला होता. डॉक्टरांचं परदेशी कापड पहिल्या झोतातच उभं फाटलं. आम्ही ते गुंडाळून गाठी मारून परत ताणलं. ते परत फाटलं. अंधार पडेपर्यंत तेच करत होतो. मग बेटावर दिवे लागले आणि तेही हळूहळू उजवीकडं गेले.

रात्रीबद्दल काही सांगायचं नाही. भाऊजी तोंडानं तेच म्हणत होते, ओठातल्या ओठात.

सकाळी एका मासेमारीच्या बोटीनं आम्हाला पाहिलं आणि दोर टाकला. एवढ्या वेळात आम्ही बेटापासून पार दूर गेलो होतो. ओढत ओढत नेईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. धक्क्यावर एक बाई उभ्या होत्या, बाह्या वर दुमडलेल्या, हात साबणानं पांढरे पडलेले. मावशी. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती. हॉटेलातल्या कुणा पाहुण्याकडून मागून घेतलेली. त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि दुर्बीण गळ्यातून काढून हातात घेतली. एवढ्यावरून मला कळलं.

दवाखान्यापर्यंत चढ होता. मावशी चालता चालता बोलत होत्या, कारण थांबून बोलणं त्यांना जमत नव्हतं. काल दुपारी पोरीला शुद्ध होती. सारखं म्हणत होती, मावशी, बघा ना, सोन्याच्या छपराची बोट येतेय का. मावशींना वाटलं, तापात बडबडतेय. तरी दुर्बीण आणली, आणि बघतात तर खरंच. पाण्यावर पिवळं छप्पर, उन्हात लखलखतंय. मावशींनी सांगितलं, अगं, आली बघ तुझी बोट. पोरगी उशीवर उठून बसली. केस नीट करून द्या म्हणाली. मावशींनी वेणी घालून दिली. मग ती विचारत राहिली, किती जवळ आली? मावशी सांगत राहिल्या, आली, आली. मग बोट उभी राहिली. बराच वेळ उभीच. मग मावशींना छप्पर खाली गेलेलं दिसलं, आणि त्यानंतर चकाकत्या पाण्यात बोट काही सापडेना. ठिणगीनं विचारलं, आता? मावशी म्हणाल्या, दिसत नाही गं.

"मग काय म्हणाली ती?" भाऊजींनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं, सांगू की नको म्हणून. मला कधी नव्हे ते काही सुचलं नाही.

"म्हणाली, बाबा परत फिरले. अजून रागावलेत माझ्यावर." आणि मग मावशी म्हणाल्या, "त्यानंतर भिंतीकडं वळली. पहाटे गेली."

खोली लहान होती. लोखंडी खाट, खिडकी, खिडकीत समुद्र. चादर इतकी कडक इस्त्रीची की तिच्या घड्यांच्या रेघा दिसत होत्या. मावशी म्हणाल्या, तिनंच केलेली, ताप यायच्या आदल्या दिवशी. वेणी कालचीच होती. मी पांघरुणाचा कोपरा तिच्या हाताशी ठेवला. दुसरं काय करायचं ते कळेना.

भाऊजी खाटेसमोर स्टुलावर बसले. समोर जाऊन बोलतो म्हणाले होते, तर अगदी समोर बसले. गुडघ्यांवर हात. तोंड उघडलं आणि मिटलं. कालपासून जे म्हणून म्हणून पाठ केलं होतं त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. मग मान माझ्याकडं वळवली, शेडमध्ये वळवायचे तशी.

"वहिनी," म्हणाले, "तिला सांगा, मी रागावलो नव्हतो."

माझं कामच ते. मी खाली वाकले आणि सांगितलं. यावेळी माझ्या पदरचं काही घातलं नाही. मग सवयीनं वाट पाहिली, ती "आणि काय" विचारेल म्हणून.

फेरीबोट दुरुस्त झाल्यावर तिच्यातूनच आम्ही परतलो. डॉक्टरांची बोट मागं दोरानं. डॉक्टरांनी छताबद्दल एक शब्द काढला नाही. आता ते रविवारी येतात, बिनछताच्या बोटीत थोडा वेळ बसतात, फोटो न काढता जातात.

शेडमधली रेघ पुसली गेली. मुद्दाम कुणी पुसली नाही. दोघं आता इकडून तिकडं जातात, त्यात गेली. चिंधी पुन्हा सगळीकडं चांगल्याला. दादा, दहाचा पाना दे. घे. दादा, चहा घेतोस? घेतो. असं बोलतात, गिऱ्हाईकाशी बोलावं तसं. मी किटली घेऊन दारात उभी राहते आणि मला कुणी काही सांगत नाही. तो अबोला होता तेव्हा निदान तो मोडायला मधे मी तरी होते.

एक दिवस भाऊजींनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "वहिनी, तुम्हाला इतक्या थापा येतात. ती बोट पोचते अशी एखादी येते का?"

मी म्हटलं, न यायला काय झालं. आणि तिथंच पायरीवर बसून सुरू केलं. हे पण हातातलं ठेवून जवळ आले. बोटीचं छप्पर सोन्याचं, अस्सल. देवमासा पत्ता विचारायला येतो आणि मग आम्हालाच रस्ता दाखवतो. लाटेवरून गच्ची दिसते, टॉवेल दिसतो, यांना हवा म्हणून हिरवा. समुद्र इस्त्रीचा. भाऊजी केस विंचरतात. झाडं दिसतात, पांढरी इमारत दिसते, खिडकीसुद्धा दिसते. मग हे मागून म्हणतात, टाकी तळाला आलीय.

तिथं मी थांबले. म्हटलं, थांबा, पहिल्यापासून परत घेते.

रोज पहिल्यापासून परत घेते. रोज बोट तिथपर्यंतच येते.